लढाई त्यांची, अटी आपल्यावर

युद्धाबद्दल बायकांनी काही बोलायचे ठरवले की दोन ठरीव उत्तरे ऐकायला मिळतात. पहिले उत्तर दटावणीचे असते. "हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, यातले तुम्हांला काय कळते?" दुसरे जरा गोड शब्दांत येते. "बाई म्हणजे ममतेची मूर्ती, तिला शांतताच आवडणार." पहिल्याने आपले तोंड बंद होते आणि दुसऱ्याने आपली रवानगी देव्हाऱ्यात होते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. बाई विचार करून, हिशेब मांडून युद्धाविषयी मत बनवू शकते हे दोघांनाही मान्य नाही.

पण मला या लेखात उत्तर द्यायचे आहे ते तिसऱ्याच प्रश्नाला, आणि तो प्रश्न आपल्याच बायांचा आहे. आमचे मुरुड म्हणजे समुद्रकाठचे जंजिऱ्याचे मुरुड नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड. इथून कुठलीही सरहद्द जवळ नाही. गटाच्या बैठकीत गाझाचा किंवा युक्रेनचा विषय काढला की बाया म्हणतात, "ताई, ते लांबचे झाले. आपल्याकडे दारू आहे, हुंडा आहे, रेशन आहे, पाणी आहे, मजुरी आहे. त्यात हे कशाला?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दिवसभर खुरपून आलेल्या बाईच्या वेळेला किंमत आहे. तिने कोणत्या प्रश्नाला वेळ द्यावा हे सांगताना आपल्यापाशी कारण पाहिजे.

माझे कारण असे आहे. लढाई कधी ना कधी थांबते, पण लढाईने घातलेल्या अटी थांबत नाहीत. ज्यांनी ती लढाई मागितली नव्हती, ज्यांना कुणी विचारलेही नव्हते, अशा घरांमध्ये त्या अटी वर्षानुवर्षे राहायला येतात. आणि घरात कुणी खायचे कमी करायचे, कुणाची शाळा बंद करायची, कुणी जास्त राबायचे हे ठरते तेव्हा त्या अटी बाईच्या वाट्याला येतात. म्हणून शांततेची मागणी आणि रास्त भावाची मागणी या दोन मागण्या नाहीत, ती एकच मागणी आहे.

कुवेत ते करडई

एक जुने उदाहरण घेऊ. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतमध्ये फौजा घुसवल्या. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी इराकवर हल्ला चढवला. या भांडणाचा मराठवाड्याशी काय संबंध? काही महिन्यांत खनिज तेलाचे भाव दुपटीवर गेले. आखातात कामाला गेलेल्या आपल्या लोकांपैकी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसांना विमानांनी परत आणावे लागले आणि त्यांच्याकडून येणारा पैसा आटला. देशाची परकीय गंगाजळी आधीच्या तुटीच्या कारभाराने रिकामी होत आलेली होतीच, या युद्धाने ती तळाला गेली. बाई अडचणीत मंगळसूत्र गहाण टाकते तसे १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी पाठवले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज घेतले, आणि कर्जाबरोबर अटी आल्या. जुलै १९९१ पासून जे नवे आर्थिक धोरण आले, ज्याला आपण चळवळीत 'खाउजा' म्हणत आलो, त्याचा एक धागा असा आखाती युद्धापर्यंत जातो. सगळा दोष युद्धाचा नव्हता. पण हातघाईच्या वेळी, चर्चा न होता, ते आले याला युद्ध हे एक मोठे कारण होते.

आता त्या अटी आपल्या रानात कशा उतरल्या ते पाहा. लातूर, उस्मानाबाद, बीड हा तेलबियांचा मुलूख. रब्बीत ज्वारीच्या जोडीला करडई, खरिपात भुईमूग, पुढे सूर्यफूल. घरची करडई घाण्यावर नेऊन वर्षाचे तेल करून आणणे ही आपल्या आयांची रीत होती. १९८६ मध्ये सरकारने तेलबियांसाठी खास मोहीम सुरू केली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ आपल्या पायावर उभा राहिला होता. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली. सुरुवातीला आयात शुल्क ६५ टक्के होते, ते १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आणले. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. स्वस्त पामतेलापुढे करडईचा भाव टिकेना. रानात करडई कमी झाली, घाणे बंद पडले आणि त्यांच्या जागी एकटे सोयाबीन आले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते.

म्हणजे पहिल्या लढाईच्या अटींनी आपल्या चुलीचे तेल दुसऱ्याच्या हाती दिले, आणि त्यामुळे पुढच्या प्रत्येक लढाईला आपल्या स्वयंपाकघरात यायला वाट मोकळी झाली.

सोयाबीनचा भाव चढला तेव्हा

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. आपल्याकडे येणारे सूर्यफुलाचे बहुतेक तेल युक्रेनमधून आणि रशियातून येत होते. ते अडकले. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. तेलाचा भाव भडकला आणि त्याबरोबर लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलमागे सात हजारांचा टप्पा ओलांडला.

इथे एक अवघड गोष्ट मोकळेपणी बोलली पाहिजे. आपल्याकडे त्या भावाचा आनंद झाला. तिकडे गावे जळत होती आणि इकडे आडत दुकानांत भाव काय फुटला याची चर्चा होती. यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. वर्षानुवर्षे पडत्या भावात माल विकणाऱ्या माणसाला चढा भाव कुठून आला हे विचारायची चैन परवडत नाही. पण जगाचा बाजार असा रचला गेला आहे की मुरुडच्या शेतकरी बाईला चांगला भाव मिळण्यासाठी खारकीवच्या शेतकरी बाईचे रान पेटावे लागते. या रचनेवर आपण बोट ठेवले पाहिजे. न्यायाने मिळायला हवे ते दुसऱ्याच्या मरणातून मिळावे ही आपलीही बेअब्रू आहे.

शिवाय तो भाव मिळाला तरी कोणाला? मार्च-एप्रिलमध्ये सोयाबीन कोणाच्या घरी असते? ज्याने आडत्याकडून उचल घेतलेली नाही, ज्याच्याकडे साठवायला जागा आहे आणि दिवाळीचा, लग्नाचा, दवाखान्याचा खर्च ज्याने माल न विकता भागवला, त्याच्या घरी. दोन-तीन एकरवाल्याची रास ऑक्टोबर-नोव्हेंबरातच बाजारात गेलेली असते. जी बाई दुसऱ्याच्या रानात बॅगमागे गुत्ते घेऊन काढणी करते तिचा तर या भावाशी संबंधच नव्हता. तिचा संबंध आला तो तेलाच्या पिशवीशी.

पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्चे सोयाबीन तेल आणि कच्चे सूर्यफूल तेल वर्षाला प्रत्येकी २० लाख टन, दोन वर्षांसाठी, शुल्काविना आणायची परवानगी दिली. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा हवा होता, हे खरे. पण तो दिलासा कोणाच्या खिशातून दिला? भाव उतरत गेले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता आणि बाजारात चार हजार, सव्वाचार हजारांच्या आसपास विक्री होत होती. सरकारी खरेदी केंद्रावर माल न्यावा तर १२ टक्के ओलाव्याची अट. ती १५ टक्क्यांवर आणली नोव्हेंबरात, म्हणजे अनेकींचा माल व्यापाऱ्याकडे गेल्यावर. खताचे तर विचारूच नका. डीएपीच्या गोणीची किंमत कागदावर १,३५० रुपये. प्रत्यक्षात गोणी हवी तर सोबत नको असलेले औषध किंवा दुसरे खत घ्यायचे, हे 'लिंकिंग' आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून बचत गटाच्या वहीत लिहितो तसा हा हिशेब लिहावा. भाव चढला तेव्हा जमा झाली साठा करणाऱ्याकडे, तेल आयात करणाऱ्याकडे, जहाजवाल्याकडे आणि शस्त्रे विकणाऱ्याकडे. भाव पडला तेव्हा नावे पडली लहान शेतकऱ्याच्या. आणि गंमत अशी की ही शेतकरी बाई आणि महाग तेल घेणारी गिऱ्हाईक बाई या दोघी वेगळ्या नाहीत. एकाच बाईने सोयाबीन स्वस्त विकले आणि त्याचेच तेल महाग घेतले.

आपल्यापेक्षा वाईट अवस्था इतरांची झाली. सोमालियासारखा देश आपल्या गव्हासाठी जवळजवळ पूर्णपणे रशिया आणि युक्रेनवर अवलंबून होता. तिथे दुष्काळ चालू असतानाच हे युद्ध आले. मे २०२२ मध्ये आपल्या सरकारनेही गव्हाची निर्यात थांबवली. आपल्या रेशनच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते, पण उपाशी देशांना ती आणखी एक बंद झालेली वाटच होती. श्रीमंत देशांनी आधी गरीब देशांना आपापली धान्ये सोडून बाजारावर अवलंबून राहायला शिकवायचे आणि मग त्याच बाजारात बॉम्ब टाकायचे, अशी ही तऱ्हा आहे.

जीव कोणाचा, मिळकत कोणाची

स्टॉकहोमची एक संस्था दरवर्षी जगाच्या लष्करी खर्चाचे आकडे काढते. तिच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाने सैन्यावर आणि शस्त्रांवर २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले. हा आकडा आपल्या डोक्यात मावत नाही, म्हणून घरचा घेऊ. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण खात्याला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यात निवृत्त सैनिकांचे निवृत्तिवेतनही आले, आणि ते मिळालेच पाहिजे. त्याच अर्थसंकल्पात महिला आणि बालविकास खात्याला, म्हणजे ज्यातून अंगणवाड्या चालतात त्या खात्याला, सुमारे २६ हजार ८९० कोटी होते. पंचविसाला एक असे हे प्रमाण. देशाला सैन्य नको असे मी म्हणत नाही. पण जी अंगणवाडीताई मानधनासाठी आझाद मैदानावर बसते तिला "पैसा नाही" असे सांगितले जाते, तेव्हा पैसा कुठे आहे हे तिला माहीत असले पाहिजे.

आमच्या भागात पहाटे कुठल्याही रस्त्यावर या. भरतीची तयारी करणारी मुले पळताना दिसतील, आता मुलीही दिसतात. त्यांच्या मनात देशप्रेम नाही असे कोण म्हणेल? पण त्याच्या जोडीला दोन एकर कोरडवाहू आहे, बहिणीच्या लग्नाचे कर्ज आहे आणि दुसरी नोकरी नाही, हेही आहे. मोठ्या शहरांतल्या सुखवस्तू वस्त्यांतून पहाटे अशी मुले पळत नाहीत. युद्धाच्या घोषणा ज्या घरांतून जोरात येतात त्या घरांतून भरतीला कोणी जात नाही. त्यात २०२२ मध्ये 'अग्निपथ' आले. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतल्या एकालाच कायम ठेवणार, आणि बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. म्हणजे इथेही कंत्राटी पद्धत आली.

शस्त्रे बनवणारे हातही पाहा. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगाव येथे स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. नऊ कामगार मेले, त्यांतल्या सहा बाया होत्या. आजूबाजूच्या खेड्यांतून बाया अशा कारखान्यांत भराई-बांधणीच्या कामाला जातात. २०२४-२५ मध्ये आपल्या देशाने २३ हजार ६२२ कोटींचे संरक्षण साहित्य परदेशी विकले आणि तो अभिमानाचा आकडा म्हणून सांगितला गेला. त्या आकड्यात मजुरीचा वाटा किती आणि बाईच्या मजुरीचा किती, हे कोणी सांगत नाही. एक गरीब बाई जीव धोक्यात घालून दारू भरते आणि ती दारू कुठेतरी दुसऱ्या गरीब बाईच्या घरावर पडते. दोघींपैकी एकीलाही यातून सुख नाही.

आता दोन विधवांची गोष्ट. सैनिक सरहद्दीवर पडतो तेव्हा त्याच्या बायकोला वीरपत्नी म्हणतात. गावात कमान उभी राहते, मंत्री येतात. तिचे दुःख खरे असते, आणि मानपान संपल्यावर सासर तिच्या पैशांवर डोळा ठेवते हेही आपण पाहतो. दुसरी विधवा शेतकऱ्याची. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०२३ या एका वर्षात एक हजारावर शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांच्या बायकांना कोणी वीरपत्नी म्हटले नाही. आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे सगळे तिने सिद्ध करायचे. २००६ च्या सुमारास ठरलेली मदत एक लाख रुपयांची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. मला या दोघींत भांडण लावायचे नाही. उलट, दोघींचे नवरे दूरच्या निर्णयांनी गेले हे दोघींना एकत्र बसून कळावे असे वाटते.

बाईचे शरीर आणि बाईचे कुंकू

युद्ध आपल्यापासून लांब आहे असे म्हणणाऱ्या मराठवाड्याने १९४८ विसरलेले आहे, किंवा अर्धेच लक्षात ठेवलेले आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करत होता. निजामाची जुलमी राजवट जावी ही लोकांची मागणी न्याय्यच होती. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, बायांवर अत्याचार केले. त्या काळात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बायांनी हाती शस्त्र घेतले. म्हणून बाई जन्मतःच शांतताप्रिय असते हे मला पटत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांची कारवाई पाच दिवसांत संपली. १७ सप्टेंबर हा दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो. पण कारवाई संपल्यावर गावोगावच्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. याची पाहणी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे मेली. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि समितीने लातूरचा उल्लेख केलेला आहे. बायांवर बलात्कार झाले, त्यांना पळवून सोलापूर-नागपूरपर्यंत नेले गेले. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला होता. आधी एका बाजूच्या बाया, मग दुसऱ्या बाजूच्या. राज्य कोणाचे यावर पुरुषांचा वाद होता आणि त्याची वसुली बायांच्या शरीरांतून झाली. महाभारतात एका पर्वाला बायांचे नाव आहे, स्त्रीपर्व. ते युद्ध संपल्यावरचे, प्रेते शोधण्याचे पर्व आहे. लढायचे की नाही हे ठरवण्याच्या पर्वाला मात्र आपले नाव नाही.

अगदी अलीकडे, २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांना मारले. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. धर्म विचारून, बायकांसमोर पुरुषांना मारणे हे अमानुष कृत्य होते आणि गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी. ७ मे रोजी जी लष्करी कारवाई सुरू झाली तिला 'सिंदूर' हे नाव दिले गेले. बाईचे कुंकू युद्धाच्या निशाणावर चढले. पण त्याच हत्याकांडात लग्नानंतर काही दिवसांतच नवरा गमावलेल्या एका तरुणीने "मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका" असे आवाहन केले, तेव्हा तिलाच घाणेरड्या शिव्या देण्यात आल्या. म्हणजे बाईचे कुंकू चालते, बाईचे मत चालत नाही. आणि आपण हेही आठवावे की २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा मेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. ज्या समाजाला असा ठराव करावा लागतो, त्याने बाईच्या कुंकवाच्या नावाने तोफा डागताना थोडे थांबायला हवे होते.

सगळी युद्धे सारखी का?

नाहीत. ज्याच्या घरावर चालून येतात त्याला प्रतिकाराचा हक्क आहे. युक्रेनच्या माणसांनी शरण जावे असे मी म्हणणार नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल आणि बलात्कार चालू होते, एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले होते, तेव्हा काहीच करू नये असे म्हणणेही सोपे नव्हते. सरसकट "युद्ध वाईट" एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा यांना एका तागडीत तोलणे ही शांतता नव्हे.

पण म्हणूनच प्रत्येक युद्धाला आपण तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी ठरवले? याची किंमत कोण देणार? आणि यातून कोणाची मिळकत होणार? ठरवणारे, देणारे आणि मिळवणारे हे तीन वेगवेगळे लोक असतील, तर त्या युद्धाला कितीही पवित्र नाव दिले तरी ते संशयास्पद आहे. आणि न्याय्य प्रतिकारालाही मर्यादा आहेत. पोरांची उपासमार हे शस्त्र कोणत्याही कारणाने न्याय्य ठरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. तो गुन्हाच होता. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी होईपर्यंत गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे ६७ हजारांवर माणसे मेली. अन्न अडवले गेले, ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे दुष्काळ जाहीर झाला. याला प्रतिकार म्हणत नाहीत.

लातूरच्या माणसांना गाझाचे ढिगारे समजावून सांगावे लागू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासच्या गावांचे काय झाले ते आपण पाहिले. दगडमातीखाली हजारो माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. जात-धर्म न विचारता मदत आली, परदेशांतूनही आली. पुढे गावोगावच्या महिला मंडळांनी संवाद सहायक म्हणून घरे बांधण्या-दुरुस्तीच्या कामावर देखरेख केली. ढिगारा उपसायला आणि संसार पुन्हा मांडायला किती वर्षे जातात हे आपल्याला ठाऊक आहे. फरक एवढाच की आपला ढिगारा भूकंपाने केला होता. तिथला ढिगारा माणसांनी ठरवून, पैसे मोजून, नकाशे पाहून केला.

मग आपण काय करायचे?

आठ मार्च आपण दरवर्षी साजरा करतो. १९१७ च्या आठ मार्चला रशियात पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बाया भाकरीसाठी संपावर गेल्या. महायुद्ध चालू होते, पावासाठी रांगा लागत होत्या. भाकरी हवी असेल तर लढाई थांबली पाहिजे हे त्यांनी रांगेत उभ्या राहून शिकले होते. आठवड्यात झारला गादी सोडावी लागली. त्याआधी एप्रिल १९१५ मध्ये, देश एकमेकांशी लढत असताना, बारा देशांतल्या हजारावर बाया हेगला जमल्या होत्या. आपल्याकडेही १९७१ चे युद्ध, निर्वासितांचा भार आणि १९७२ चा दुष्काळ यांतून महागाई भडकली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईत बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. भाकरीचा प्रश्न हा सत्तेचा प्रश्न आहे हे बायांना कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणून यंदाच्या आठ मार्चला आपल्या ठरावांत युद्धाचे कलम असावे आणि ते नुसते "विश्वशांती असो" असे नसावे. त्यात असे असावे की जगातल्या कुठल्याही लढाईमुळे सरकार खाद्यतेलाचे आयात शुल्क उतरवील, तेव्हा त्याच दिवशी सोयाबीन उत्पादकाला हमीभावातला फरक देण्याची तजवीज झाली पाहिजे. गिऱ्हाईक बाईचा दिलासा शेतकरी बाईच्या खिशातून नको. करडई आणि भुईमुगाला पुन्हा रानात जागा मिळावी, त्यांचे तेल अंगणवाडीत आणि रेशनवर यावे, आणि घाणे बायांच्या गटांना द्यावेत. शेतकऱ्याच्या विधवेला पात्र-अपात्रतेच्या चौकशीविना आधार मिळावा आणि जमिनीवर तिचे नाव लागावे. स्फोटकांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायांना कायम कामगारांचे वेतन आणि सुरक्षा मिळावी. संरक्षणावर किती आणि अंगणवाडीवर किती, याची चर्चा ग्रामसभेत व्हावी.

आणि एक काम आपल्या भागातल्या गटांनी लगेच हाती घ्यावे. १९४८ पाहिलेल्या म्हाताऱ्या आता नव्वदीच्या आसपास आहेत. हिंदू घरांतल्या आहेत, मुसलमान घरांतल्याही आहेत. रझाकारांच्या भीतीने गाव सोडलेल्या आहेत आणि त्यानंतरच्या सूडाने माणसे गमावलेल्याही आहेत. त्यांच्या आठवणी, त्यांची तयारी असेल तर, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या जोडीला दोन्ही बाजूंच्या बायांचे सांगणे गावात वाचले जावे. युद्ध लांब आहे असे मग कुणाला वाटणार नाही.

आपण सरहद्दीवर नाही, मंत्रिमंडळात नाही, शेअरबाजारात नाही. पण प्रत्येक लढाईचे बिल आपल्या उंबऱ्यावर येते. बिल जर आपण भरणार असू, तर ते तपासायचा आणि नाकारायचाही हक्क आपला आहे.